काचेतल्या दोषांचा उजेड

शुद्ध सिलिका काचेचा अंगठ्याएवढा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. शुद्ध म्हणजे त्यात रंग नाही, लोखंड नाही, मँगनीज नाही. फक्त सिलिकॉन आणि ऑक्सिजन. दिवसा तो पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. आता खोलीत अंधार करून त्यातून २४८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेझर सोडला. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, त्यामुळे नव्याकोऱ्या, उत्तम काचेत जवळजवळ काहीच दिसणार नाही. पण तोच तुकडा आधी बराच काळ अशा लेझरखाली राहिलेला असेल, तर लेझरच्या वाटेवर काचेच्या पोटात एक लाल रेघ उमटते. लेझर बंद केला की रेघ गायब.

सिलिकॉन लाल नाही, ऑक्सिजन लाल नाही, लेझर तर अदृश्यच. मग हा लाल रंग आला कुठून?

थोडक्यात उत्तर असं, की हा उजेड काचेचा नाही, काचेतल्या दोषांचा आहे. काचेतले काही अणूंमधले बंध तुटलेले असतात आणि असा प्रत्येक तुटका बंध आपापल्या ठरावीक रंगात चमकतो किंवा मुळीच चमकत नाही. मी सिलिका काचेवर काम करते, त्यामुळे हे रंग ओळखणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. तुमच्या फोनमधली चिप ज्या यंत्रातून बनते त्याची भिंगं, समुद्राखालून जाणाऱ्या फायबरच्या जातकुळीतली संवेदकं आणि अणुभट्टीत काम करणाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला, या सगळ्यांशी या उजेडाचा संबंध आहे.

काचेत ‘दोष’ म्हणजे काय?

पहिली अडचण इथेच येते. स्फटिकातला दोष समजायला सोपा असतो. ठिपक्यांची रांगोळी आठवा. सगळे ठिपके ओळीत, ठरावीक अंतरावर. एखादा ठिपका गळला किंवा सरकला, तर लगेच नजरेत भरतो. क्वार्ट्झचा स्फटिक असा आहे. काच मात्र मुक्तहस्त रांगोळीसारखी आहे; तिथे ओळीच नाहीत. जिथे सगळंच अस्ताव्यस्त आहे, तिथे चुकलं कशाला म्हणायचं?

१९३२ साली विल्यम झकारियासेन यांनी काचेच्या रचनेबद्दल एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं: काच दूरवरून अस्ताव्यस्त असली, तरी शेजारपाजारचे नियम ती काटेकोर पाळते. आपण शाळेत शिकलेली संयुजा आठवू या. सिलिकॉनला चार हात, ऑक्सिजनला दोन. सिलिकामध्ये प्रत्येक सिलिकॉनने चार ऑक्सिजनचे हात धरलेले असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनच्या मध्ये पूल होऊन उभा असतो. क्वार्ट्झमध्ये हे आणि काचेतही हेच. फरक इतकाच, की क्वार्ट्झमध्ये पुलांचे कोन ठरलेले असतात, तर काचेत ते जागोजागी कमीजास्त होतात. त्यामुळे चार पावलांपलीकडे काय असेल, हे सांगता येत नाही.

म्हणजे काचेतला वाकडेपणा हा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. हातांचा हिशेब चुकला, तर तो दोष. ऑक्सिजनचा एक हात मोकळा राहिला किंवा सिलिकॉनला चारऐवजी तीनच शेजारी मिळाले, तर तिथे दोष आहे.

असे दोष किती असतात? एक घन सेंटीमीटर सिलिकामध्ये सिलिकॉनचे साधारण २२ हजार अब्ज अब्ज अणू असतात. त्यांच्यात दहा लाखांमागे एखादा दोष असला, तरी दोषांचा आकडा कोटी-कोटींच्या घरात जातो आणि उजेड सहज टिपता येतो. नेहमीच्या रासायनिक तपासणीला इतकं थोडं काही पकडणं अवघड जातं. प्रकाशाला ते जमतं, आणि तेही काच न फोडता.

तळमजला, पहिला मजला आणि पोटमाळा

सिलिका पारदर्शक का, हे आधी पाहू. इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने सिलिका ही एक विचित्र इमारत आहे. तळमजला इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेला, पहिला मजला रिकामा आणि मध्ये जिना नाही. वर जायचं तर एका उडीत सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा हवी. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप. नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने १२४० ला भागलं, की प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा या मापात मिळते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे फोटॉन साधारण १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचे. त्यांच्याने एवढी उडी मारवत नाही. म्हणून ते काचेत शोषले न जाता आरपार जातात आणि आपल्याला काच स्वच्छ दिसते.

दोष काय करतो? तो दोन मजल्यांच्या मध्ये पोटमाळा बांधतो. तुटक्या बंधावरच्या इलेक्ट्रॉनाला बाकीच्यांचे नियम लागू नसतात. त्याची जागा मधल्याच कुठल्यातरी उंचीवर असते. आता ९ ऐवजी ५ किंवा अगदी २ इलेक्ट्रॉन व्होल्टची उडीही चालते. फोटॉन शोषला जातो, इलेक्ट्रॉन वर चढतो आणि काही वेळाने खाली येताना नवा फोटॉन बाहेर टाकतो.

हा नवा फोटॉन नेहमी आधीच्यापेक्षा कमी ऊर्जेचा असतो. कारण इलेक्ट्रॉन वर गेला, की आजूबाजूचे अणू आपापल्या जागा थोड्या बदलतात आणि त्या हालचालीत काही ऊर्जा उष्णता होऊन काचेत मुरते. ५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा अतिनील फोटॉन आत जातो आणि १.९ चा लाल फोटॉन बाहेर येतो, तेव्हा मधली ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा अशीच खर्ची पडलेली असते.

तीन पात्रं

शुद्ध सिलिकातले बरेच दोष अभ्यासले गेले आहेत, पण तिघांची ओळख झाली तरी पुष्कळ आहे. यांची अधिकृत नावं लांबलचक आहेत. आपण हातांच्या हिशेबाने बारसं करू.

पहिला *एकहाती ऑक्सिजन*. दोन सिलिकॉनना जोडणारा पूल तुटला आणि ऑक्सिजन एकाच सिलिकॉनला धरून उरला, दुसरा हात मोकळा. हा ४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे सुमारे २५८ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो. शिवाय २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे ६२० नॅनोमीटरच्या नारिंगी-लाल प्रकाशातही थोडं शोषण करतो. दोन्ही वेळा परत देतो तो १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा लाल उजेड. आपली लाल रेघ याचीच. इलेक्ट्रॉन वर गेल्यापासून खाली येईपर्यंत साधारण दहा ते वीस मायक्रोसेकंद लागतात.

दुसरा *दोनहाती सिलिकॉन*. याला चारऐवजी दोनच ऑक्सिजन शेजारी. हा सुमारे ५ इलेक्ट्रॉन व्होल्टला शोषण करतो आणि एक नाही, दोन उजेड देतो. पहिला ४.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, अतिनील, जो काही नॅनोसेकंदांतच संपतो. दुसरा २.७ चा, निळा, जो सुमारे १० मिलिसेकंद रेंगाळतो. एकाच दोषाच्या दोन उजेडांमध्ये वीस-पंचवीस लाख पटींचा फरक! कारण इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये आहे. वर गेलेल्या इलेक्ट्रॉनाचं स्पिन जसंच्या तसं राहिलं, तर तो झटकन खाली येतो. ते उलटलं, तर खाली यायला क्वांटम यांत्रिकीचे नियम आडवे येतात आणि त्याला वाट पाहत बसावं लागतं. लेझरचा एक झोत मारून लगेच मोजलं तर अतिनील उजेड सापडतो आणि एखादा मिलिसेकंद थांबून मोजलं तर फक्त निळा उरतो. म्हणूनच आम्ही किती रंग, एवढंच बघत नाही, किती वेळ तेही बघतो.

तिसरा *तीनहाती सिलिकॉन*. याला तीन ऑक्सिजन शेजारी आणि चौथ्या हातात एकटा इलेक्ट्रॉन. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट वीक्स यांनी १९५६ मध्ये किरणोत्साराचा मारा केलेल्या क्वार्ट्झमध्ये आणि काचेत याची खूण शोधली. संशोधक याला ई-प्राइम म्हणतात. हा ५.८ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे २१४ नॅनोमीटरच्या आसपास, जोरदार शोषण करतो आणि घेतलेला प्रकाश उजेडाच्या रूपात परत देत नाही. सगळं उष्णतेत जिरवतो. वीक्स यांनी याला पकडलं ते चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने, कारण एकटा इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकासारखा वागतो. हा गप्प बसणारा गडी लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

लाल उजेड नक्की कोणाचा?

वर मी ‘हा रंग याचा’ असं ठामपणे लिहिलं, पण ते ठरवायला कित्येक वर्षं लागली. दोषाचा फोटो काढता येत नाही. आपल्या हातात फक्त रंग, वेळ आणि चुंबकीय खुणा. त्यावरून मालक शोधायचा.

लाल उजेडाचंच पाहा. एकहाती ऑक्सिजन हा एक दावेदार होता. पण १९९० च्या सुमारास जपानी संशोधकांनी वेगळा विचार मांडला: काचेच्या जाळीत अडकलेला ओझोनचा रेणू तर नसेल? कल्पना उगाच नव्हती. काच बनताना जास्तीचा ऑक्सिजन तिच्यात अडकतो हे खरंच आहे आणि ओझोनही २५८ नॅनोमीटरच्या आसपासच अतिनील प्रकाश शोषतो. वातावरणातला ओझोन आपल्याला सूर्यापासून वाचवतो तो याच शोषणामुळे.

मग निकाल कसा लावायचा? अणूंच्या थरथरण्यावरून. काच खूप थंड केली आणि २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा, अगदी नेमक्या ऊर्जेचा लेझर वापरला, तर सगळे दोष एकदम चेतत नाहीत. त्यांच्यातले नेमके जुळणारे तेवढेच चेततात. मग पसरट लाल पट्ट्याच्या जागी बारीक रेषा दिसू लागतात. मुख्य रेषेपासून काही अंतरावर तिची एक सावली दिसते आणि ते अंतर सांगतं, की उजेड देणारा बंध किती वेगाने थरथरतो आहे. लाटव्हियाचे लिनार्ड्स स्कुया आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशी मोजणी प्रसिद्ध केली. अंतर निघालं सेंटीमीटरमागे सुमारे ८९० तरंग. एका हाताने सिलिकॉनला धरलेल्या ऑक्सिजनचं थरथरणं तिथे चपखल बसतं, ओझोनचं नाही. आज लाल उजेड एकहाती ऑक्सिजनच्या नावावर आहे.

निळ्या उजेडाची कथाही अशीच वादाची. स्कुया आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दोनहाती सिलिकॉनची कल्पना मांडली. दुसऱ्या बाजूला, ऑक्सिजन निघून गेल्यामुळे पडलेल्या रिकाम्या जागेचा तो उजेड आहे, असं मानणारेही बरेच होते. त्यात भर म्हणजे जर्मेनियमची लुडबुड. आवर्त सारणीत जर्मेनियम सिलिकॉनच्या बरोब्बर खाली बसतो, काचेत त्याची जागा सहज घेतो आणि त्याचा दोनहाती दोष ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टला, जांभळटसर निळा चमकतो. म्हणून काचेत काय काय मिसळलं आहे याची खात्री झाल्याशिवाय निळ्या उजेडावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या क्षेत्रातला साधा नियम.

बंध तुटतात कसे?

ओढण्याने, फोडण्याने, किरणोत्साराने आणि खुद्द प्रकाशाने.

ऑप्टिकल फायबर बनवताना सिलिकाचा जाड दांडा सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून केसासारखा, १२५ मायक्रोमीटर जाडीचा धागा ओढला जातो. हा धागा इतक्या झपाट्याने थंड होतो, की तुटलेले सगळे हात पुन्हा जुळायला वेळ मिळत नाही. बेल लॅब्जमध्ये पीटर कायझर यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की शुद्ध सिलिकाच्या फायबरमध्ये ६३० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचा एक पट्टा निव्वळ ओढण्यामुळे येतो. वर सांगितलेलं एकहाती ऑक्सिजनचं नारिंगी-लाल शोषण ते हेच. सिलिका काच फोडली, तर तुटण्याच्या त्या क्षणीही क्षीण उजेड निघतो आणि त्यात हेच ओळखीचे रंग सापडतात.

प्रकाशाने बंध तुटावेत हे मात्र पटकन पटत नाही. २४८ नॅनोमीटरचा फोटॉन ५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, उडी ९ ची. मग तुटेल कसं? लेझरचा झोत तीव्र असला, तर दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाऊ शकतात. ५ आणि ५ दहा, म्हणजे उडी पार. असं क्वचितच घडतं, पण लेझरचे कोट्यवधी झोत पडत राहिले, की क्वचितचंही नेहमीचं होतं. शिवाय काचेतले काही पूल मुळातच वाकडे, ताणलेले असतात. ते आधी तुटतात.

जिथे हा उजेड नकोसा असतो

संगणकाच्या चिपवरचं नक्षीकाम प्रकाशाने छापलं जातं. त्यासाठी आधी २४८ आणि नंतर १९३ नॅनोमीटरचे लेझर आले. १९३ नॅनोमीटरच्या यंत्रांवर आजही मोठ्या प्रमाणात चिप बनतात. या यंत्रांची भिंगं प्रामुख्याने सिलिकाची, कारण इतक्या लहान तरंगलांबीला पारदर्शक आणि हवी तशी घासता येणारी सामग्री फार थोडी. १९३ नॅनोमीटरचा फोटॉन ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. भिंग वर्षानुवर्षं झोत झेलतं, दोष साठतात, प्रकाश शोषला जातो, भिंग तापतं. काच किंचित दबून घट्टही होते. नॅनोमीटरच्या हिशेबात चालणाऱ्या यंत्राला एवढं बिघडायला पुरेसं आहे. म्हणून काच निवडतानाच तिच्यावर लेझर मारून ती किती आणि कोणत्या रंगात चमकते, हे तपासणं उपयोगी पडतं. लाल उजेड वाढत चालला, तर पूल तुटत आहेत, हे समजायचं.

यावर औषध आहे हायड्रोजन. तो इतका लहान, की काचेच्या जाळीतून आरामात फिरतो. कुठे मोकळा हात दिसला, की तो धरतो. एकहाती ऑक्सिजनला हायड्रोजन मिळाला, की तिथे हायड्रॉक्सिल गट तयार होतो आणि लाल उजेड विझतो. तीनहाती सिलिकॉनलाही हायड्रोजन शांत करतो. पण सिलिकॉन-हायड्रोजनची ही जोडी तशी कच्ची. लेझरचा मारा चालू राहिला, की ती पुन्हा तुटू शकते. म्हणजे हा कायमचा इलाज नाही, मुदत वाढवून घेणं आहे.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरचं. तिथल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेझर किरणं एका छोट्याशा गोळीवर रोखली जातात. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली. त्या बातमीने तेव्हा सगळे मथळे भरले होते. मथळ्यांत न आलेली गोष्ट अशी, की एवढी ऊर्जा शेवटी सिलिकाच्या काचांमधूनच जाते आणि तिची तरंगलांबी ३५१ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील. काच घासून गुळगुळीत करताना पृष्ठभागावर अतिसूक्ष्म भेगा राहतात. शुद्ध सिलिका ३५१ नॅनोमीटर सहज सोडते, पण भेगेच्या कडांवर तुटक्या बंधांची गर्दी असते. तिथे प्रकाश शोषला जातो, काच भडकते आणि खड्डा पडतो. पुढच्या प्रत्येक झोताला तो वाढत जातो.

तिथल्या संशोधकांना आढळलं, की नुकसानीला सुरुवात करणाऱ्या भेगा लेझरखाली चमकतात. मग काच आम्लात मुरवून भेगांचे ते थर विरघळवायची पद्धत बसवली गेली आणि काचांची सहनशक्ती चांगलीच वाढली. तरीही पडलेले खड्डे कार्बन डायऑक्साइड लेझरने स्थानिकरीत्या वितळवून बुजवतात आणि काच पुन्हा वापरात आणतात. सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवायच्या मोठ्या स्वप्नात असलं बारीक डागडुजीचं कामही असतं.

जिथे हाच दोष कामाला लावला

१९७८ मध्ये ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केनेथ हिल आणि सहकाऱ्यांना दिसलं, की जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमध्ये लेझर प्रकाश सोडल्यावर काचेचा अपवर्तनांकच हळूहळू बदलतो. पुढे १९८९ मध्ये २४४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश फायबरवर बाजूने पाडून हवे तसे पट्टे कोरता येतात, हे दाखवलं गेलं. जर्मेनियमचा दोनहाती दोष हा प्रकाश शोषतो आणि कोरताना फायबर निळा चमकतो. हे पट्टे एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतात. फायबर ताणला किंवा तापला, की ती तरंगलांबी बदलते. आज पुलांमध्ये, बोगद्यांमध्ये आणि विमानांच्या पंखांमध्ये ताण मोजायला असे फायबर बसवतात.

पण माझ्या मते दोषांचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे. काच किरणोत्सार लक्षात ठेवते.

बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांनी बीकन हिलमधल्या जुन्या घरांच्या जांभळ्या खिडक्या पाहिल्या असतील. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या काचांमध्ये मँगनीज होतं. वर्षानुवर्षं सूर्याच्या अतिनील किरणांनी मँगनीजचा एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि काच जांभळी होत गेली. इथे रंग शोषणामुळे आला आहे, उजेड निघत नाही. पण तत्त्व तेच: किरणांनी इलेक्ट्रॉन हलवला, तो दुसरीकडे अडकून बसला आणि काचेवर कायमची नोंद झाली.

अशी नोंद मुद्दाम करून घ्यायची, तर फॉस्फेट काचेत चांदीचे आयन मिसळतात. गॅमा किरणांनी सुटलेला इलेक्ट्रॉन एखाद्या चांदीच्या आयनाला चिकटतो आणि इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेली पोकळी दुसऱ्या आयनाला. अशी चांदीची नवी केंद्रं तयार होतात. नंतर अतिनील प्रकाश टाकला, की ती नारिंगी चमकतात. जितकी मात्रा जास्त, तितका उजेड जास्त. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने अशा काचेचे बिल्ले गळ्यात घालायला दिले होते. याची खुबी अशी, की वाचल्याने नोंद पुसली जात नाही. शंका आली तर वर्षभराने पुन्हा मोजता येतं. पुसायचीच असेल तर काच सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवावी लागते.

२०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर त्या प्रांतातल्या दाते शहराने (हो, नाव आपल्या दात्यांसारखंच) आधी मुलांना आणि पुढे इतर रहिवाशांनाही असे काचेचे बिल्ले दिले. आपलं मूल अंगणात खेळलं तर चालेल का, या प्रश्नाला हवेतल्या सरासरीवरून मिळणारं उत्तर आईबापांना पुरेसं वाटत नाही. मुलाच्या अंगावर असलेल्या काचेतला नारिंगी उजेड निदान त्याच्यापुरतं उत्तर देतो. भारतात अणुऊर्जा आणि क्ष-किरण क्षेत्रातले कर्मचारी वापरतात ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे बिल्ले काचेचे नाहीत, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटचे आहेत. ते तापवून वाचतात आणि तापवताना नोंद रिकामी होते. पण त्यांच्यातही अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचाच हिशेब होतो.

बिल्ला नसलेल्या माणसाचं काय? अचानक अपघात झाला, तर गर्दीतल्या कोणाला किती मात्रा मिळाली, हे लवकर कळलं नाही तर उपचार कोणाला आधी द्यायचे हे ठरत नाही. यासाठी युरोपातल्या प्रयोगशाळांनी फोनच्या पडद्याची काच तपासून पाहिली. ती तापवली, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि उजेड निघतो. अडचणीही आहेत: सूर्यप्रकाशामुळे आणि कारखान्यातल्या अतिनील दिव्यांमुळे काचेत आधीच काही नोंद असते आणि दिवस जातील तशी खरी नोंदही फिकी होत जाते. त्यामुळे हलक्या मात्रा यातून कळत नाहीत. पण जीवघेणी मात्रा मिळाली की नाही, एवढं तातडीने सांगता आलं, तरी खूप आहे.

घरच्या टॉर्चने दिसेल का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. बाजारात मिळणाऱ्या ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चचा फोटॉन ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. वरचे दोष चेतवायला तो योग्य नाही आणि घरच्या काचेत त्यांची संख्याही कमी. जुन्या बाजारातल्या एखाद्या वाटीवर टॉर्च मारल्यावर ती हिरवी चमकली, तर तिच्यात युरेनियम किंवा मँगनीज असण्याची शक्यता मोठी. तो पाहुण्या अणूंचा उजेड, तुटक्या बंधांचा नाही. २५४ नॅनोमीटरचे दिवे मात्र उघड्या डोळ्यांनी आणि उघड्या त्वचेवर वापरू नका. त्यांनी डोळे आणि कातडी भाजतात.

आता त्या तिसऱ्या, गप्प बसणाऱ्या गड्याकडे. ई-प्राइम शोषतो, नुकसान करतो, पण चमकत नाही. त्यामुळे एखादी काच लेझरखाली काळोखी राहिली, तर ‘हिच्यात दोष नाहीत’ असं म्हणता येत नाही. ‘चमकणारे दोष नाहीत’ एवढंच म्हणता येतं. त्याला शोधायला शोषण मोजावं लागतं, चुंबकीय क्षेत्र वापरावं लागतं. उलट, चमकणारी काच वाईट असंही नाही. बिल्ल्यातली काच चमकण्यासाठीच बनवलेली असते. कोणता दोष, किती आणि तो कशाने आला, हे तिन्ही कळल्याशिवाय काचेला पास किंवा नापास करता येत नाही. माझा बराचसा दिवस या तीन प्रश्नांमध्येच जातो.